गिधाडें कोठें गेलीं ?

आजचा विषय कांहींसा अमंगळ वाटण्याजोगा आहे. गिधाडाचें नांव निघालें कीं आपल्या मनापुढें मढें, दुर्गंधि आणि गांवाबाहेरची उजाड जागा उभी राहते. आपली भाषाहि या पक्ष्याच्या बाबतींत कठोरच आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेवर डोळा ठेवणाऱ्याला आपण ‘गिधाडासारखा टपून बसला आहे’ असें म्हणतों. वास्तविक रामायणांतील जटायु हा गृध्रकुलांतलाच. सीतेच्या रक्षणासाठीं त्यानें प्राण वेंचले, आणि नाशिक जिल्ह्यांतील टाकेद येथें त्याचें स्थान म्हणून लोक आजहि यात्रेस जातात. एकीकडे पूजा आणि दुसरीकडे शिवी, अशी या पक्ष्याची आपल्या घरीं स्थिति आहे. परंतु आज मला पुराण सांगावयाचें नाहीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास सांगावयाचा आहे. कोट्यवधि गिधाडें या देशाच्या आकाशांतून नाहींशीं झालीं. तीं जात असतांना फारच थोड्यांच्या तें लक्षांत आलें. आणि तीं कशानें गेलीं याचा शोध लावावयास कांहीं माणसांना पुष्कळ वर्षें झटावें लागलें. त्या शोधाची ही हकीकत आहे.

प्रथम पूर्वस्थिति सांगतों. भारतांत गिधाडांच्या नऊ जाति आढळतात. त्यांपैकीं तीन जातींशीं आपणांस आज कर्तव्य आहे. पहिली पांढऱ्या पाठीचीं गिधाडें. हीं उंच झाडांवर घरटीं करतात, आणि गांवाशेजारीं, शहरांतहि, हींच सर्वांत अधिक दिसत. दुसरी लांब चोंचीचीं. हीं डोंगराच्या कड्यांवर राहतात, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले कीं जाणता मनुष्य यांची वस्ति ओळखतो. तिसरी जात बारीक चोंचीची. ती उत्तरेकडे व आसामांत असते. या तीन जातींचीं मिळून गिधाडें १९८० च्या दशकांत भारतांत चार कोटींच्या घरांत असावींत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पांढऱ्या पाठीचें गिधाड हा त्या काळीं जगांतील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकीं सर्वांत विपुल पक्षी असावा, असें म्हणत.

आमच्या पिढीला यांत कांहीं नवल वाटत नसे. १९७० च्या सुमारास, मी प्राथमिक शाळेंत असतांना, गांवाबाहेर ओढ्याकांठीं मेलेलें ढोर टाकलें कीं प्रथम आकाशांत एक ठिपका दिसे, मग दोन, मग दहा. आणि मधल्या सुटींत आम्ही मुलें पाहावयास धांवलों तर तेथें तीस-चाळीस पक्षी जमून ओढाताण करीत असत. शाळा सुटेपर्यंत सांपळा उरे. गुरुजींनीं आम्हांस त्याबद्दल कांहीं शिकविलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. सूर्य उगवतो तसें तें होतें.

या कामाचें मोल मात्र मोठें होतें. भारतांत गुरांची संख्या अफाट, आणि गोमांस न खाणारा समाज बहुसंख्य. त्यामुळें म्हातारपणानें वा रोगानें मेलेल्या जनावरांचे देह दरवर्षीं लाखोंनीं उघड्यावर पडत. कातडें काढून घेतलें कीं उरलेलें काम गिधाडांचें. त्यांच्या जठरांतील आम्ल अत्यंत तीव्र असतें, आणि सडक्या मांसांतील जे जंतु इतरांस घातक ठरतात त्यांपैकीं पुष्कळांचा तेथें नाश होतो. नगरपालिकेनें एक पै खर्च न करतां ही सफाई चाले. मुंबईच्या पारशी समाजाच्या बाबतींत तर ही केवळ सफाई नव्हती. तो धर्मविधि होता. मलबार टेकडीवरील डुंगरवाडींत मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची चाल सतराव्या शतकापासून चालत आली होती. अग्नि, पृथ्वी आणि जल हीं भ्रष्ट होऊं नयेत हा तिच्यामागील भाव. गिधाडें गेलीं तेव्हां सूर्याचे किरण एकत्र करून देहावर सोडणाऱ्या आरशांची योजना तेथें करावी लागली, आणि तीवरून त्या समाजांत बरेच वादहि झाले. पांचपन्नास पिढ्यांची श्रद्धा ज्या पक्ष्यावर विसंबून होती, तो पक्षी एका पिढीच्या आंत नाहींसा झाला. यांतील दुःख बाहेरच्या माणसाला पूर्णपणें कळणें कठीण आहे.

आतां शोधाकडे वळतों. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेव नांवाचें पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें, डॉ. सलीम अली यांच्या प्रेरणेनें, येथें दीर्घकाळ पक्षिसंशोधन चालविलें. या संस्थेचे एक संशोधक डॉ. विभु प्रकाश यांनीं १९८० च्या दशकांत तेथील शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करतांना गिधाडांचींहि मोजदाद केली होती. १९८७-८८ च्या हंगामांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीं सुमारें साडेतीनशें घरटीं त्या उद्यानांत होतीं. त्या वेळीं ही संख्या कोणाला महत्त्वाची वाटली असेल असें मला वाटत नाहीं. कावळेचिमण्यांसारखा मुबलक पक्षी; तो मोजून करावयाचें काय ? परंतु ती वही नीट लिहिलेली होती, आणि ती जपून ठेविलेली होती. १९९६ च्या सुमारास तेच संशोधक पुन्हा त्याच ठिकाणीं गेले, तेव्हां त्यांस रिकामीं घरटीं, झाडाखालीं पडलेले आणि फांद्यांत लटकलेले मृत पक्षी, आणि मान खालीं लोंबकळत ठेवून तासन् तास निश्चल बसलेलीं आजारी गिधाडें दिसलीं. जुन्या वहीशीं ताडून पाहतां बहुतेक वस्ति ओस पडल्याचें सिद्ध झालें, आणि १९९९ सालीं सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें.

मी चाळीस वर्षें मुलांना हजेरीपट लिहावयास शिकविलें, म्हणून कदाचित् मला या वहीचें कौतुक अधिक वाटत असेल. पण विचार करा. जुनी मोजणी नसती तर ‘हल्लीं गिधाडें कमी दिसतात बुवा’ यापलीकडे कोणाला कांहीं म्हणतां आलें नसतें, आणि असें म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचें कोणतें सरकार ऐकतें ?

ही स्थिति भरतपुरापुरतीच आहे कीं देशभर, हें पाहणें प्राप्त होतें. सुदैवानें १९९० च्या दशकाच्या प्रारंभीं देशांतील अनेक रस्त्यांवरून मोटारीनें जात शिकारी पक्ष्यांची गणना झालेली होती. तेच रस्ते, तीच पद्धति, अशा रीतीनें ती गणना २००० सालीं व त्यानंतर पुनःपुन्हा करण्यांत आली. निष्कर्ष भयंकर निघाला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९.९ इतकीं घटलीं होतीं. म्हणजे हजारांतून एक उरलें. दुसऱ्या दोन जातींची घट शेंकडा ९७ च्या जवळपास होती. एखाद्या वन्य पक्ष्याची इतकी झपाट्यानें घट झाल्याचें उदाहरण क्वचितच नोंदलेलें असेल.

कारण काय, याविषयीं प्रथम सर्वांचा तर्क साथीच्या रोगाकडे गेला, आणि तें स्वाभाविकच होतें. मान टाकून बसलेला पक्षी आजारीच दिसतो. शिवाय घट पसरतहि होती. कोणी शेतांतील कीटकनाशकांस दोष दिला, कोणी उंच झाडें तोडल्यास, कोणी ढोरें पुरूं लागल्यानें अन्न तुटलें असें म्हटलें. परंतु अन्न तर पडून सडत होतें, आणि कड्यांवरील गिधाडांसहि मृत्यु चुकत नव्हता. मृत पक्ष्यांचे अवयव तपासावयाचे, तर ते परदेशीं प्रयोगशाळेंत पाठविण्यास आपले कायदे आड येत. या कायद्यांचा हेतु चांगला होता, हें मी नाकारीत नाहीं. पण काळ जात होता आणि पक्षी मरत होते.

अशा वेळीं उलगडा झाला तो सरहद्दीच्या पलीकडे. पाकिस्तानांतील पंजाबांत तोवर गिधाडांच्या मोठ्या वसाहती शिल्लक होत्या. आणि पेरेग्रिन फंड या अमेरिकन संस्थेच्या साह्यानें तेथील व अमेरिकेंतील संशोधकांनीं २००० सालापासून तेथें तळ ठोकला. लिंडसे ओक्स हे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठांतील पशुरोगतज्ज्ञ या तपासणीचे प्रमुख. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीन वर्षांत २५९ मृत गिधाडांची चिरफाड केली. त्यांपैकीं शेंकडा ८५ पक्ष्यांच्या यकृतावर, हृदयावर आणि इतर इंद्रियांवर खडूच्या भुकटीसारखें पांढरें पूट चढलेलें होतें. हें यूरिक आम्ल. मूत्रपिंडें निकामी झालीं कीं तें रक्तांतून बाहेर पडत नाहीं आणि आंतल्या आंत सांचतें. म्हणजे मृत्यु मूत्रपिंडांमुळें, हें ठरलें. पण मूत्रपिंडें कशानें बिघडलीं?

येथून पुढचा भाग एखाद्या हेरकथेसारखा आहे. विषाणु शोधले, जंतु शोधले, सांपडले नाहींत. शिसें, पारा, आर्सेनिक, कीटकनाशकें तपासलीं. पुरेशा प्रमाणांत आढळलीं नाहींत. तेव्हां ओक्स यांनीं प्रश्नच उलटा केला. गिधाड खातें काय ? मेलेलीं पाळीव जनावरें. त्या जनावरांच्या अंगांत जातें काय ? जें शेतकरी त्यांना टोंचवितो तें. म्हणून त्यांनीं गुरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी केली, कीं मूत्रपिंडांस अपाय करूं शकेल, पोटांतून रक्तांत जाईल, आणि अलीकडेच प्रचारांत आलें आहे असें कोणतें औषध तुम्हीं गुरांस देतां ? या सर्व कसोट्यांस एकच नांव उतरलें. तें डायक्लोफेनॅक.

हें औषध आपल्या घरोघरीं आहे. गुडघे दुखले, पाठ धरली, कीं आमच्या वयाच्या माणसांस डॉक्टर तेंच लिहून देतात. १९७० च्या दशकांत तें माणसांसाठीं निघालें. आपल्याकडे १९९० नंतर त्याचें स्वामित्व संपून तें स्वस्त झालें आणि गुरांसाठींहि मोठ्या बाटल्यांत विकूं लागले. लंगडणाऱ्या बैलास, सुजलेल्या कासेच्या म्हशीस तें टोंचलें कीं बरें वाटे. ज्याचें पोट बैलावर चालतें त्यानें तें दिलें, यांत त्याचा दोष कोण काढील ? बैल बरा झाला तर प्रश्नच नव्हता. पण औषध दिल्यावर एकदोन दिवसांत तो मेला, तर त्याच्या मांसांत तें उरलेलें असे.

आतां पुरावा पाहूं. मूत्रपिंडें बिघडून मेलेल्या २५ गिधाडांच्या अंगांत तें औषध शोधलें, पंचविसांतहि सांपडलें. अन्य कारणांनीं मेलेलीं १३ तपासलीं, एकांतहि नाहीं. मग पाळलेल्या कांहीं गिधाडांस औषध दिलेल्या म्हशीबकऱ्यांचें मांस खाऊं घातलें. त्यांपैकीं बहुतेक दगावलीं, आणि पोटांत तेंच पांढरें पूट. जगप्रसिद्ध ‘नेचर’ नियतकालिकांत हा निबंध २००४ च्या आरंभीं आला. पुढें भारतांतील व नेपाळांतील मृत पक्ष्यांतहि तेंच आढळलें.

एक शंका तरीहि राहिली, आणि ती योग्य होती. औषध सगळ्याच गुरांस थोडेंच देतात. थोड्याशा विषारी मढ्यांनीं कोट्यवधि पक्षी कसे मरतील? याचें उत्तर गणितानें दिलें. गिधाडाची मादी वर्षाकांठीं एकच अंडें घालते, आणि पिल्लूं पांचेक वर्षांनीं वयांत येतें. म्हणजे जन्माचें प्रमाण अत्यल्प. मोठें झालेलें गिधाड पुष्कळ वर्षें जगलें तरच वंश टिकणार. शिवाय एका मढ्यावर पन्नास-पन्नास पक्षी जेवतात. हें सर्व मांडून ब्रिटिश संशोधक राइस ग्रीन व त्यांचे सहकारी यांनीं हिशेब केला, कीं ७६० ते १३० मढ्यांमागें अवघें एक मढें विषारी असलें, तरी नोंदलेली घट घडून येण्यास तें पुरेसें होय. प्रत्यक्षांत काय होतें ? २००४-०५ मध्यें भारतांतील अनेक राज्यांत मेलेल्या जनावरांचीं १,८०० वर यकृतें तपासलीं, तेव्हां दहांमागें एकांत औषध मिळालें. गणितास हवें होतें त्याच्या कितीतरी पट. माझ्या मतें साऱ्या हकीकतींत सर्वांत सुंदर भाग हाच. शाळेंत मुलें विचारीत, ‘गुरुजी, हीं त्रैराशिकें पुढें कोठें उपयोगीं पडणार ?’ त्यांना सांगावयास हें उदाहरण तेव्हां माझ्यापाशीं नव्हतें.

रोग कळला, पण केवळ ‘हें औषध बंद करा’ म्हणून शेतकऱ्याचें काम भागत नाहीं; त्याच्या बैलाचें दुखणें कशानें राहावयाचें ? म्हणून दुसरें औषध शोधणें अगत्याचें होतें. प्राणिसंग्रहालयांतून गिधाडांस व तत्सम पक्ष्यांस आजवर कोणतीं वेदनाशामक औषधें निर्धोकपणें दिलीं गेलीं याची माहिती मागविली, आणि मेलॉक्सिकॅम हें नांव पुढें आलें. प्रथम दक्षिण आफ्रिकेंत तेथील अधिक संख्येनें असलेल्या जातीवर सावधपणें, मात्रा चढवीत, त्याची परीक्षा झाली. मग भारतीय जातींवर. एकहि पक्षी त्यानें मेला नाहीं, आणि २००६ च्या आरंभीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय वन्यजीव मंडळानें मार्च २००५ मध्येंच बंदीची शिफारस केली होती. मे २००६ मध्यें भारत सरकारनें जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास मनाई केली. नेपाळ आणि पाकिस्तान यांनींहि त्याच वर्षीं तेंच केलें. बांगलादेशानें २०१० मध्यें केलें. शोध लागल्यापासून दोनतीन वर्षांत तीन शेजारी देशांनीं एकच पाऊल उचलावें, ही आपल्या भागांत नित्य घडणारी गोष्ट नव्हे.

पण कायद्याला चोरवाटा असतात. माणसांसाठींचें तेंच औषध मोठ्या कुपींत मिळे, आणि दुकानदार तें गुरांसाठीं विकीत. सोसायटीच्या माणसांनीं साधा गिऱ्हाईकाचा वेष घेऊन, ‘गुराचें दुखणें आहे, काय देतां ?’ असें विचारीत दुकानें पालथीं घातलीं. बंदीनंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तीन दुकानांमागें एकांत डायक्लोफेनॅक हातीं पडलें. अखेर २०१५ सालीं माणसांसाठींची कुपी तीन मिलिलिटरांहून मोठी असूं नये असा हुकूम निघाला. लहानशा कुपींतून बैलाची मात्रा भरणें परवडत नाहीं, हें त्यांतील मर्म. कांहीं कारखानदार त्याविरुद्ध न्यायालयांत गेले. मद्रास उच्च न्यायालयानें २०१७ सालीं त्यांचें म्हणणें अमान्य केलें. मध्यंतरीं किटोप्रोफेन, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड हीं तशींच घातक औषधें पुढें आलीं. असिक्लोफेनॅक तर गुराच्या पोटांत गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतें. पहिल्या दोहोंवर भारतांत २०२३ सालीं बंदी आली, निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. इतकें सारें उघडकीस आल्यावरहि स्पेननें २०१३ सालीं आपल्या देशांत गुरांसाठीं डायक्लोफेनॅक विकण्यास परवानगी दिली, आणि पुढें तेथेंहि एक गिधाड त्याच औषधानें मेल्याचें आढळलें. पुढारलेल्या देशांस सर्व कांहीं आधीं कळतें, असा जो आपला एक समज असतो, त्याचा यावरून थोडा पुनर्विचार व्हावा.

या सर्वांत माणसांचें काय झालें, हें सांगितल्याशिवाय हकीकत अपुरी राहील. गिधाडांनीं सोडलेलें मांस कुत्र्यांनीं धरलें. अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें भटक्या कुत्र्यांची संख्या त्यामुळें निदान ५५ लाखांनीं वाढली, आणि १९९२ ते २००६ या काळांत पिसाळलेल्या कुत्र्यांच्या दंशानें सुमारें ४८,००० माणसें अधिक मेलीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासांत, पूर्वीं जेथें गिधाडें मुबलक होतीं असे जिल्हे आणि जेथें तीं मुळांतच थोडीं होतीं असे जिल्हे, यांच्या मृत्युसंख्येची तुलना केली आहे. पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मृत्यु शेंकडा चाराहून अधिक वाढले. २००० ते २००५ या पांच वर्षांत मिळून सुमारें पांच लक्ष माणसें, असा त्यांचा अंदाज आहे. कुत्रीं, दूषित पाणी, सडणारीं मढीं, हीं त्याचीं कारणें. पांच लक्ष हा आंकडा वाचून मी पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. यांपैकीं एकाहि घरीं ‘आमचा मनुष्य गिधाडें गेल्यामुळें गेला’ असें कोणी म्हटलें नसेल.

उरलेल्या पक्ष्यांस वांचविण्यासाठीं हरियाणांत पिंजोर येथें २००१ मध्यें केंद्र उघडलें, आणि २००४ नंतर तेथें पैदाशीचें काम सुरू झालें. पश्चिम बंगाल, आसाम व मध्यप्रदेश येथेंहि अशीं केंद्रें निघालीं. वर्षास एक अंडें, या हिशेबानें हें काम किती धिम्या गतीचें आहे हें सांगावयास नको. पहिलें अंडें काढून उबवणी यंत्रांत ठेविलें तर कांहीं माद्या दुसरें घालतात; तेवढीच त्वरा शक्य आहे. २०१५ च्या गणनेवरून देशांत पांढऱ्या पाठीचीं सुमारें ६,०००, लांब चोंचीचीं १२,००० आणि बारीक चोंचीचीं १,००० गिधाडें उरलीं असावींत असा अंदाज निघाला. घसरण बव्हंशीं थांबली. वाढ मात्र दिसत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर रायगड जिल्ह्यांत म्हसळा-श्रीवर्धन भागांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची थोडी वस्ति गांवकऱ्यांनीं जपली आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोंचीचीं अजून घरटीं करतात. २०२४ च्या जानेवारींत पिंजोरहून वीस गिधाडें आणून दहा पेंचला आणि दहा ताडोबाला ठेविलीं. मोठ्या पिंजऱ्यांत कांहीं महिने राहून त्यांना रानाची संवय झाली, मग पाठीवर लहानसें यंत्र बांधून त्यांस मोकळें सोडलें. तें यंत्र उपग्रहामार्फत पक्ष्याचा ठावठिकाणा कळवितें. पिंजऱ्यांत वाढलेले हे पक्षी शेंकडों कोस भटकतात. कोणी विजेच्या तारांस लागून मरतो, कोणी उपाशी राहतो. ठिपका एके ठिकाणीं स्थिर राहिला कीं वनखात्याचीं माणसें तेथें जातात. पक्षी मेलेला असेल तर त्याचा देह उचलून आणतात, आणि त्याच्या मूत्रपिंडांवर पांढरें पूट आहे किंवा नाहीं, हें प्रथम पाहतात.